दुसऱ्या खेपेची हकीकत

श्रीशारदेस नमन करोन, आणि कानी पडिले त्याहून अधिक न लिहिण्याचा नेम धरोन, हकीकत लिहितो ऐसीजे. शके सोळाशे चौऱ्याहत्तर, अंगिरा नाम संवत्सरी, समुद्रापलीकडील एका राज्यी महाराजांच्या कन्या लिओनोर बाईसाहेब यांस वादन शिकविण्यास इटली देशीचे उस्ताद बेनेदेत्तो होते. वाद्य हार्पसिकॉर्ड, म्हणजे एक लांब पेटी. पट्टी दाबिली की आत तार छेडली जाई. उस्तादांनी स्वतः बांधिलेला एक सोनाटा होता, त्याचे खंड दोन, आणि हरएक खंड दोन वेळ वाजवावा ऐसा त्या विद्येचा रिवाज. मग उस्तादांनी चाल पाडिली की पहिली खेप गुरूने वाजवावी आणि दुसरी शिष्येने, एकाच बाकावर बसोन. बाईसाहेब लहान होत्या तेव्हापासून हेच चालिले, आणि आरंभ कैसा करावा हे त्यांस कोणी शिकविलेच नाही. मातोश्री वारलेल्या, महाराज सदा शिकारीत; जीव लावणारे माणूस ते एकच. ते माघ मासी ज्वराने निवर्तले.

पुढे परमुलखीचे वकील सोयरिकीस आले, आणि महाराजांनी भर दुपारी दरबार भरवोन सोनाटा वाजविण्याची आज्ञा केली. बाईसाहेब सवयीने डावीकडे जागा सोडोन बसल्या, आणि हात मांडीवर ठेवोन वाट पाहत राहिल्या. मानकरी जेवोन आलेले, निम्मे पेंगत होते. इतक्यात पट्ट्या आपोआप दबू लागल्या आणि सोनाटा सुरू जाहला. उस्तादांचा डावा हात उजव्यावरोन उडी घेई त्या जागी बाईसाहेबांनी अंग चोरोन वाट दिधली. पेंगणारे जागे जाहले, परंतु कोणाच्याने उठवेना. मग बाईसाहेबांनी आपली खेप वाजविली, आणि मग दुसरा खंड पट्ट्यांनीच वाजविला, आणि मग बाईसाहेबांची शेवटली खेप आली. तेव्हा त्यांनी हात पुन्हा मांडीवर ठेविले.

महाराज हळूच बोलिले, "बाई, वाजवा. आटोपा एकदाचे."

"आबासाहेब, मी वाजविले की हे उठोन जातील."

"गेलेच आहेत ते."

"बसले आहेत," बाईसाहेब बोलिल्या. "माझ्या बाहीस त्यांची बाही लागते आहे."

मग पट्ट्यांनी दुसरा खंड फिरोन वाजविला, आणि बाईसाहेब बसोनच. मग आणिक एकदा, आणि दर वेळी अधिक संथ, आणि सूर चुकू लागले, आणि जेथे हाताने उडी घ्यावी तेथे पट्टी अर्धीच दबोन थरथरत राही. उस्तादांनी उभ्या जन्मात सूर चुकविला नव्हता. बाईसाहेबांस ते ऐकवेना. "थकलात," ऐसे पुटपुटोन त्यांनी हात उचलिले आणि आपली खेप शेवटापर्यंत वाजविली. बाक करकरला, जैसे कोणी उठले. वकील त्याच पावली निघाले आणि सोयरीक मोडली. त्यात त्यांचा दोष काय म्हणावा.

दुसरे दिवशी बाईसाहेब बाकावर बसल्या आणि पहिली खेप चाचरत, रडत, स्वतःच वाजविली. मग हात मांडीवर ठेवोन फार वेळ बसल्या. दुसरी खेप कोणी वाजविली नाही, तेव्हा तीही त्यांनीच वाजविली. त्या राज्यी जाहले ते येणेप्रमाणे.