डाव्या होडीचा आवाज

मडकं वाजवून घ्यावं, हे शहाणपण मडक्यापुरतंच ठीक. वस्तू जितकी मोठी, तितकं तिला वाजवून पाहणं असभ्य. आणि वाजवलंच, तर आवाज ऐकणं हा शुद्ध आगाऊपणा.

आमच्या दाजींनी निवृत्तीनंतर जुनी शिडाची कॅटमरान घ्यायचं ठरवलं. (शेजारी शेजारी दोन होड्या, वर एकच डेक. एक फुटली तर दुसरी असते, असं दाजींचं मत.) ताईला घेऊन ते समुद्रावरच राहणार होते. ताईला पोहता येत नव्हतं. पण बोटीवर राहणाऱ्याला पोहायचं कशाला!

पहिला तपासनीस लाकडी हातोडी घेऊन यार्डात आला, बोटीखाली शिरला आणि तासभर ठोकत बसला. धड जागा टण वाजते, सडलेली भद. डाव्या होडीवर त्याने खडूने अकरा गोल काढले. "आत पाणी जाऊन सडलीय. घेऊ नका," म्हणाला. दाजींना माणूस नकारात्मक वाटला. विकणाऱ्याने मात्र तातडीने दुरुस्ती केली: ओलं फडकं, चार मिनिटं, अकराही गोल साफ.

दुसऱ्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं. काटा शेवटाला जाऊन टेकला. यंत्रातच ओल असणार, असं ठरलं.

तिसरा खरा जाणकार. तो फाटकापाशीच थांबला, डोळे बारीक केले आणि अहवाल दिला: "बोट सकृद्दर्शनी देखणी असून खरेदीदाराची निवड प्रशंसनीय आहे." (हातोडी आणली नव्हती. अनुभवी माणसाला लागत नाही.) दाजींनी अहवाल फ्रेम करून घेतला.

ताईने मात्र स्वयंपाकघरातली पळी नेली आणि डावी होडी ठोकून पाहिली.

"अहो, हे भद वाजतंय हो!"

"तुला त्यातलं काय कळतं? तज्ज्ञांनी लिहून दिलंय."

ताई गप्प बसली. मीही बसलो; अहवालावर साक्षीदार म्हणून माझीच सही होती. मोठ्यांच्या मध्ये कशाला तोंड घाला?

पहिल्याच सफरीत, किनारा दिसत असतानाच, डावी होडी उकलली. (अकरापैकी कुठल्या गोलापाशी, यावर मतभेद आहेत.) दाजी उजव्या होडीला धरून तरले, म्हणजे त्यांचं मत खरं ठरलं. ताई डावीकडे होती. ती तिसऱ्या दिवशी सापडली.

दाजींचा मला संताप येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो. दाजी सध्या चौथा तपासनीस शोधताहेत, बोटीत दोष नव्हता असं लिहून देणारा.

ताईला पोहता येत नव्हतं, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिथेच भद वाजलं होतं. तुम्हाला ऐकूही आलं, आणि तुम्ही पुढची गंमत वाचायला सरकलात. दाजींना कळवू का, चौथा माणूस सापडला म्हणून?