आकृती पाच

आमच्या कार्यालयाच्या अभ्यागत कक्षात फुलझुडपांची बारा जुनी शास्त्रीय चित्रं लावायचं ठरलं, तेव्हा कुणाचीच हरकत नव्हती. साहेबांच्या मेहुणीच्या दिवाणखान्यात तशी चित्रं होती आणि त्यामुळे भिंत सुशिक्षित दिसते, असं साहेबांचं मत पडलं. यथावकाश चित्रं आली. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रांच्या नव्या प्रती; पिवळसर कागद, बारीक रेघा, कोपऱ्यात लॅटिन नाव आणि प्रत्येक प्रतीच्या पाठीवर ती अस्सल असल्याचं प्रमाणपत्र.

सातवं चित्र जास्वंदीचं होतं. ते खिडकीशेजारी लागलं. खिडकीबाहेर खरी जास्वंद होती, एवढीच काय ती चूक झाली.

आठवड्याभरात एका अभ्यागताला तीन तास बसावं लागलं. करायला दुसरं काही नसल्यामुळे त्याने सूचनावहीत लिहिलं: ‘चित्रातील जास्वंद व आवारातील जास्वंद यांत तफावत आढळते. खुलासा व्हावा.’ वहीतली नोंद तीस दिवसांत निकाली काढावी लागते. माझी वनस्पतिशास्त्राची पदवी तोवर कार्यालयात कुणाच्या उपयोगी पडली नव्हती. ती त्या दिवशी पडली.

मी पाहणी केली. तफावत होती. चित्रात एकाच फांदीवर कळी, उमललेलं फूल, उभं चिरलेलं फूल, निर्दोष पान आणि फळ होतं, आणि त्यांना आकृती एक ते पाच असे क्रमांक होते. मी अहवालात लिहिलं की जुने चित्रकार झुडपाचं सगळं आयुष्य एका फांदीवर मांडत. झुडूप तसं करत नाही. दोघांचंही बरोबर आहे.

“दोघांचंही बरोबर कसं असेल?” साहेब म्हणाले. “चित्राला प्रमाणपत्र आहे. झुडपाला काय आहे?”

“मुळं आहेत, सर.”

“मी कागद विचारतोय.”

कागद नव्हता. त्यामुळे चित्र हे मानक ठरलं आणि जास्वंद मानकात न बसणारी. माळीकाकांना मेमो गेला: उरलेल्या दिवसांत झुडूप चित्राबरहुकूम करावं, अन्यथा ते तोडून तिथे प्लास्टिकचं बसवण्यात येईल. ते हुबेहूब मिळतं.

काकांनी मेमो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

“ताई, ही फांदी मी खोचली तेव्हा तुमचे साहेब शाळेत नाक पुसत असतील. काय काय हवंय त्यांना?”

मी यादी वाचली.

“पानाला भोक चालणार नाही?”

“चित्रात नाहीये, काका.”

“मग अळीला मेमो द्या. मला कशाला?”

पण दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. रोज सकाळी एक ताजं फूल दाढीच्या पात्याने उभं चिरायचं. क्रमांकाच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधायच्या. एका पानाला त्यांनी चहाची गाळणी लावून अळीपासून वाचवलं. विसाव्या दिवशी तपासणी तक्त्यात पाचपैकी चार खुणा झाल्या. फळ राहिलं.

“ही जात फळ धरतच नाही,” काका म्हणाले. “फांदी लावायची, फांदीवर वाढायची. कितीही डोळे वटारा.”

मला ते ठाऊक होतं. मी ते अहवालात लिहिलंही होतं, पण परिशिष्टात.

तिसाव्या दिवशी सकाळी पाच क्रमांकाच्या चिठ्ठीजवळ एक हिरवं, लवदार फळ लोंबत होतं. मी जवळ गेले. कोवळी भेंडी होती, दोऱ्याने बांधलेली.

काका आभाळाकडे बघत होते. “भेंडी नि जास्वंदीचं कूळ एकच ना, ताई?”

“कूळ एकच आहे,” मी म्हणाले. या प्रकरणातलं माझं ते शेवटचं शास्त्रीय विधान.

साहेब आले. त्यांच्यामागे करवत घेतलेला माणूस होता. साहेबांनी चित्र पाहिलं, झुडूप पाहिलं, भेंडी बोटाने हलवली.

“फळ चित्रापेक्षा सरस आहे,” ते म्हणाले आणि तक्ता माझ्यापुढे धरला. तळाशी ‘शास्त्रीयदृष्ट्या योग्य’ असं छापलेलं होतं. करवतवाल्याने घड्याळ पाहिलं. मी सही केली.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण चित्राशी शंभर टक्के जुळणारं झुडूप आपल्याकडे आहे, हे साहेबांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी चित्रकार बोलावला आणि आमच्या जास्वंदीचं चित्र जुन्या पद्धतीने काढून घेतलं. चित्रकार प्रामाणिक होता, त्याने दोरासुद्धा काढला. प्रती चहाच्या पाण्यात बुडवून दोनशे वर्षं जुन्या करण्यात आल्या. खाली माझी सही छापली. प्रती हातोहात खपल्या. दवाखाने, वाचनालयं, वकिलांच्या खोल्या, घरं.

याला सात वर्षं झाली. जास्वंद उभी आहे. काका सकाळी भेंडी बदलतात. मी सूचनावही रोज उघडते, कुणीतरी विचारेल म्हणून. लोक विचारतातही: तपकिरी चौकट मिळेल का, सोफा निळा आहे, पार्श्वभूमी जरा फिकी करता येईल का.

तुम्ही ते चित्र कुठे लावलंय, सोफ्याच्या वर की जेवणाच्या टेबलामागे? आकृती पाच खाली डावीकडे आहे. दोऱ्याची गाठसुद्धा दिसते.