ट्रॅक्टरातली कुंभारीण

इंजिन कुठलंही असो, नथूतात्यांनी नुसता कान लावला की त्याच्या सात पिढ्यांचा आजार सांगणार! असं भरे गावात कुणी म्हणत नसे. नथूतात्या स्वतःच म्हणत. पण इतक्यांदा म्हणत, की ऐकून ऐकून गावालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तात्यांच्या दारात एक लाल, ठेंगणा, म्हातारा ट्रॅक्टर उभा असे. मुठा गावाकडच्या एका बंगल्यात बागेतलं गवत कापायला म्हणून आणलेला. बंगलेवाले यायचे बंद झाले, गवत पुरुषभर वाढलं आणि ट्रॅक्टर तात्यांकडे आला. नांगर ओढायची त्याची ऐपत नव्हती. पण मागं छोटी ट्रॉली जोडली की शेणखत, चारा, विटा, जे टाकाल ते ओढायचा. तात्या त्याला ‘पिल्लू’ म्हणत. चालू झालं की पिल्लू असं हादरे, की बसणाऱ्याची कवळी हातात यावी!

सून स्नेहल चहा घेऊन अंगणात आली की तात्यांची शाळा भरे.

"ह्ये बघ, टाकीच्या झाकणाला बारीक भोक हाय. कशाला? वारं आत जायला! ह्ये बुजलं की पेट्रोल खाली उतरत न्हाई. धा मिंटात गडी गुदमरतो. इंजिनालाबी श्वास लागतो, पोरी!"

"व्हय का मामा?" म्हणून स्नेहल डोळे मोठे करी आणि आत जाऊन पुन्हा शिलाई मशीनवर बसे. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्याच हातचे.

पावसाळ्यात पिल्लू उभंच असायचं. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून तात्या दुधाच्या पिशवीचा तुकडा कापत, उंदरानं कुरतडल्यासारखा, आणि झाकणाच्या आत, रबरी वायसरखाली बसवत. दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन पुजताना तो काढून टाकत. यंदाही काढला होता. हे नीट लक्षात ठेवा. तात्यांनीही ठेवलं होतं, आणि तिथंच तर घोळ झाला!

तर यंदा घरात मोठी गोष्ट घडली होती. स्नेहलला सातवा महिना लागला होता. लग्नाला सात वर्षं झालेली. मागं एकदा दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं, तेव्हापासून या घरात पाळण्याचा विषयसुद्धा कुणी मोठ्यानं काढत नसे. आता मात्र तात्यांच्या कारभारणीनं, धोंडाबाईंनी, सुनेचं डोहाळजेवण दणक्यात करायचं ठरवलं. मुठ्याहून व्याही विश्रामरावांचा फोन आला.

"पोरीला आमच्या नव्या गाडीतनं मिरवू या, नथूतात्या! वरनं छप्पर उघडतंय!"

झालं! तात्यांच्या शेपटीवर पाय पडला.

"पाव्हणं, छप्पर उगडाया आमच्या पिल्लाला छप्परच न्हाई! सून आमची, मिरवणूक आमची. भैरवनाथाच्या देवळापासनं दारापतूर तिला पिल्लावर बसवून आणणार! पुढच्या ऐतवारी डोळं भरून बघा!"

फोन ठेवल्यावर तात्यांनी ही बातमी पारावर, दूध डेअरीत आणि पिठाच्या गिरणीत स्वतः पोचवली. स्नेहलला मात्र कुणी विचारलं नाही. ती आत काजं करत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पिल्लू सुरू केलं. फट् फट् फट्... दहा मिनिटं झकास! मग खोकल्याची उबळ आली, पिल्लू थरथरलं, फुस्स करून गप्प! तात्यांनी कान लावला. पिल्लू कानाला काहीच सांगेना.

मग सुरू झाली शस्त्रक्रिया! प्लग काढला, घासला, बसवला. दहा मिनिटं, आणि फुस्स! कार्बोरेटर खोलून धोंडाबाईंच्या परातीत मांडला, तोंडानं फुंकून साफ केला. त्या पेट्रोलच्या तोंडानं तात्या चहा मागायला चुलीजवळ गेले, तेव्हा धोंडाबाईंनी फुंकणी उगारून त्यांना अंगणात हाकललं. "सोताबी पेटाल आन् घरबी पेटवाल!"

तात्यांच्या रानात खतासाठी धनगर जोतिबाची मेंढरं बसायला होती. मेंढरं चरायला पोरांच्या हवाली करून जोतिबा रोज कुंपणाशी उकिडवा बसे आणि हा खेळ फुकट बघे. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना.

"तात्या, टाकीचं झाकण उगाडलं की ह्यो सुस्कारा टाकतोय बगा. फुगल्यालं मेंढरू पोट दाबल्यावर टाकतंय, तसा."

"जोतिबा, तू मेंढरं बघ. इंजिन मी बघतो!"

चौथ्या दिवशी तात्यांनी हवेची नळी हातात घेतली. आत बोट घातलं तर काहीतरी टणक लागलं. उजेडात धरून बघतात तो काय, नळीच्या तोंडाशी आत मातीचं इवलंसं गाडगं! गोल पोट, वर निमुळती मान, मानेला दुमडलेला काठ. कुंभारमाशीचं घर!

"सापडली!" तात्या ओरडले. "ही कुंभारीणच समद्या दुखन्याचं मूळ! हवाच बंद केली हिनं!"

"आन् परवा नळी धुताना कुटं व्हती ती?" जोतिबानं विचारलं.

"तुला काय कळतंय!" म्हणून तात्यांनी पेचकस उचलला. तेवढ्यात धोंडाबाई बाहेर आल्या, नळीत डोकावल्या आणि अशा किंचाळल्या, की जोतिबाची कुत्री भुंकायला लागली.

"अवो, हात लावू नका! पोटुशी सून घरात, आन् कुंभारीण दारात घर बांधतीय! ह्ये घर मोडलं तर... शिवशिव!"

तात्यांचा हात हवेतच राहिला. आणि त्याच क्षणी ती स्वतः आली. काळी, पिवळ्या पट्ट्याची, केसाएवढ्या कमरेची. पायांत आपल्याएवढी हिरवी अळी धरून! तीन माणसं तोंडं उघडी टाकून उभी असताना ती खुशाल तात्यांच्या मनगटावरून नळीत शिरली, अळी गाडग्यात कोंबली, पुन्हा उडाली आणि चिखलाची गोळी घेऊन आली. डोक्यानं थापटत, पायांनी गोल फिरवत तिनं गाडग्याचं तोंड लिंपलं. ना माप, ना पाना, ना चाक! तात्या अर्धा तास नळी धरून तसेच. हाताला मुंग्या आल्या तरी हलेनात. आयुष्यात त्यांनी पुष्कळ यंत्रं उघडली होती. पण मिळेल त्या नळीत, चार-दोन दिवसांत, लेकरांच्या अन्नासकट घर उभं करणारा कारागीर त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना एकदम आपले पाने, पेचकस आणि आपली बडबड फार लहान वाटली.

"कमाल हाय बाई तुझी," ते पुटपुटले. कुणाचीही स्तुती करायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

नळी अलगद जागेवर बसली. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर! बायका हळदीकुंकू घेऊन ट्रॅक्टरच्या दर्शनाला यायला लागल्या. कुणी बॉनेटला कुंकू लावलं, कुणी स्टेअरिंगला ओटीचा खण बांधला. पिल्लू सुरू करायची कुणाची छाती होती? धक्क्यानं घर पडलं तर? तात्यांना मनातून सुटल्यासारखं झालं. बिघाड काही सापडला नव्हता. पण आता शोधायचंही कारण उरलं नव्हतं!

रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून पिल्लू देवळापर्यंत ढकलत नेलं. तात्या त्याला झेंडूच्या माळा बांधत होते. एक माळ टाकीच्या झाकणाला अडकवायला म्हणून त्यांनी झाकण उघडलं. सुस्सऽऽ! जोतिबाचा सुस्कारा! तात्यांनी झाकण उलटं केलं, वायसर नखानं उचलला. खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा!

म्हणजे दसऱ्याला काढायचा राहिला! चार दिवस अख्खं इंजिन खोललं, आणि दुखणं आपणच घातलेलं! सांगावं तर व्याही जन्मभर हसणार. तुकडा त्यांनी मुकाट्यानं बंडीच्या खिशात सारला.

विश्रामराव आले ते हसतच.

"काय तात्या, पिल्लू बसलं म्हणं? आणू का माझी गाडी?"

"बसलं न्हाई, बसवून ठिवलंय. आत कुंभारणीची लेकरं हायेत. दारापतूर ढकलत न्यायचं!"

विश्रामराव मोठ्यानं हसणार, इतक्यात त्यांची नजर लेकीकडे गेली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि पोटावर ठेवलेला हात. त्यांनी नवे बूट काढले आणि मागून खांदा लावला.

अशी मिरवणूक गावानं कधी पाहिली नव्हती. ना इंजिन, ना डीजे! वर स्नेहल, मागं एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला जोतिबा, शेजारून स्टेअरिंग धरून चालणारे तात्या. पिल्लू पाळण्यासारखं सरकत होतं. इंजिन गप्प, म्हणून धोंडाबाईंचं गाणं मागच्या पोरीबाळींपर्यंत पोचत होतं, स्नेहलची पैंजणं वाजत होती. आणि मधेच ती काळी-पिवळी आली, बॉनेटवर एक घिरटी घालून गेली. सगळा गाव जागीच थांबला. बायकांनी हात जोडले. तात्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी उपरण्यानं उघड उघड पुसले.

जेवणं उरकल्यावर स्नेहल ओट्यावर टेकली होती. तात्या घुटमळत जवळ आले.

"पोरी, एक सांगतो, पर सासूला बोलू नगंस. कुंभारणीचा काय बी दोष न्हवता. दसऱ्याला ह्यो तुकडा मीच काढायचा इसरलो."

त्यांनी खिशातला तुकडा तिच्या हातावर ठेवला. स्नेहलनं तो बघितला आणि पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय, तात्यांना कळेना.

"मामा, तुमी कापला असता तर येवढा गोल आला असता का?"

तात्यांनी निरखून पाहिलं. तुकडा बांगडीसारखा गोल होता. कुठं खाच नाही, कुठं कुरतडलेलं नाही. शिंप्याची कात्री!

"तुमी गावभर सांगून बसलेला. न्हाई कशी म्हणणार? पर पिल्लू कसं हादरतं तुमाला ठावं हाय. मागचं आठवलं की अजून माझे हातपाय गार पडतात. म्हटलं, धा मिंटात बंद पडतंय म्हटल्यावर तुमीच नाद सोडाल."

तात्या तिच्याशेजारी ओट्यावर बसले. सात वर्षं ज्याची वाट पाहिली, त्या जिवाला आपण एका फोनच्या ईर्ष्येपायी हादरवायला निघालो होतो! त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त अचंबा वाटला. एवढंसं प्लॅस्टिक! ना भांडण, ना रडारड, आणि सगळं जागच्या जागी थांबवलं!

"आन् ती कुंभारीण?" त्यांनी हळूच विचारलं.

"ती तिची ती आली, मामा. तिला मी न्हाई बोलावलं."

मग स्नेहल जरा चाचरत म्हणाली, "खरं सांगू? मला वाटलं हुतं, तुमी पयल्याच दिवशी धरताल. भोकाचं तुमीच शिकवलं हुतं की!"

कुंपणापलीकडून जोतिबा ओरडला, "तात्या, काय सापडलं का न्हाई?"

"सापडला!"

"बिघाड?"

"न्हाई रं, मेकॅनिक!"

कुंभारणीची लेकरं महिन्याभरात गाडगं फोडून उडून गेली. पुढं स्नेहलच्याही घरात पाळणा हलला, मुलगी झाली. पिल्लू आता पहिल्यासारखं फटफटतं. तात्या आजही पारावर सांगतात, इंजिन कुठलंही असो, आपण नुसता कान लावतो! फक्त कान लावण्याआधी ते एकदा घरात हाक मारून विचारून घेतात, "स्नेहल, तू काय केलं न्हाईस न्हवं?"