पट्ट्यांची अदलाबदल

डॉक्टरीणबाई गोदामात मनगटी पट्टे वाटून गेल्या आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. अंगमेहनतीच्या कामात माणसाची तब्येत कशी राहते, यावर बाईंचा अभ्यास चालला होता. पट्टा आठवडाभर पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणार होता. “पट्टे बदलाल तर कामावरून काढीन,” असा मुकादमानं दमही भरला होता.

तीस वर्षं पोती वाहिलेले काका हल्ली जिन्याच्या चौथ्या पायरीलाच भिंत धरत. त्यांचं अर्धं ओझं सोबतचा तरणा हमाल, पैलवान, गुपचूप वाहायचा.

“हा चुगलखोर सगळं सांगणार रे,” काका मनगट झाकत म्हणाले. “मला घरी बसवतील.”

“आणा इकडं. तुमचा मी बांधतो, माझा तुम्ही.”

लबाडीच ती, पण मायेपोटी केलेली. काकांचा पट्टा बांधून पैलवान आठवडाभर दोन-दोन पोती घेऊन जिने चढला.

आठव्या दिवशी बाई आल्या. “काका, तुमचं हृदय अगदी तिशीतलं! कमाल आहे!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पैलवानाकडे वळताना बाईंचा आवाज खाली आला. “तुम्ही मात्र आता काही उचलायचं नाही. हृदय फार थकलंय. घाबरू नका, मालकांशी आधीच ठरलंय. तुम्ही दारात बसून पोत्यांवर शिक्के मारायचे. पगार तोच.”

एवढं सांगून बाई निघून गेल्या.

पैलवान मुकादमाकडे धावला. “पट्टे बदलले होते हो आम्ही! मी ठणठणीत आहे!”

“आजारी माणूस असंच म्हणतो.”

“मग हे बघा!” म्हणत त्यानं दोन पोती खांद्यावर घेतली. त्याबरोबर चौघं ओरडत धावले. त्याला आडवं केलं, पाणी पाजलं, वारा घातला.

“अरे, सोडा! काकांना विचारा!”

मुकादमानं काकांकडे पाहिलं. खरं बोललं तर पोराची भाकरी जाणार, हे काकांना कळत होतं.

“छे हो,” ते म्हणाले. “याला बसायची लाज वाटतेय, दुसरं काही नाही.”

दुपारी पैलवान खुर्चीत बसला होता. काका पोतं घेऊन आले आणि शिक्क्यासाठी वाकून उभे राहिले. त्यांच्या छातीचा भाता वरखाली होत होता. पैलवानानं शिक्का अलगद टेकवला आणि त्याचे डोळे वाहू लागले.

“रडतोस काय असा?” काका धापा टाकत म्हणाले. “बाईंनी तुला जपायला सांगितलंय ना?”