तात्यापाऱ्यातील हसण्याची लढाई

श्रीगजानन प्रसन्न. समस्त हसऱ्या व रुसल्या मंडळींस विदित व्हावे की, रायपूर नगरीस नव्या राज्याच्या राजधानीची वस्त्रे मिळून पुरते वर्षही लोटले नव्हते, तोच तात्यापाऱ्यातील मराठी मंडळावर बाका प्रसंग गुदरला. त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

राजश्री श्यामकांत नाना, रेल्वेदप्तरातून निवृत्त, मंडळाच्या ‘चिमटीभर’ नामे हस्तलिखित विनोदी अंकाचे संपादक, यांणी बारा वर्षे एकच गड राखिला होता. पूर्वी दूरदर्शनवर ‘बिऱ्हाड नंबर सात’ नामे हास्यमालिका गाजली, तीतील आप्पा आणि त्यांचे कुटुंब यांचे नाना दरसाल विडंबन लिहीत, आणि अंकाची प्रत एकच म्हणोन गणेशोत्सवी पाचव्या दिवशी खासा वाचीत, आणि म्हातारी रयत पोट धरोन हसे. पोट्टे मात्र मागल्या रांगेत जांभया देत. नात गंधाली, वय वर्षे सतरा, तिणे तर साफ सांगितले, “नाना, समझ में सब आता है, पर सुनते-सुनते नींद आ जाती है.” हा घाव नानांच्या वर्मी बसला.

ऐशात अध्यक्ष यशवंतराव यांचे फर्मान सुटले की, राजधानीस शोभेल ऐसी रंगीत स्मरणिका छापावी, आत बड्या साहेबांचे शुभसंदेश घालावे, आणि ‘चिमटीभर’ कपाटात ठेवावा. नानांनी बहुत रदबदली केली, तेव्हा तह ठरला की, यंदाच्या वाचनी विशीच्या आतील एक जरी असामी आपखुशीने हसली तरी अंक जगेल. हलवाई नत्थू याने गुप्त मसलत दिली की, पोट्ट्यांस समोसे चारावे, हसतील. समोशाचे हसू ढेकरेबरोबर जिरते, ऐसे म्हणोन नानांनी ती धुडकाविली.

मग पाचवा दिवस उगवला, आणि नाना व्यासपीठी आरूढ जाहले, आणि चष्मा चढविला, तो अक्षरे मुंग्यांसारखी पळो लागली. कारण ऐसे की, नाना व त्यांचे कुटुंब सरोजिनीबाई या उभयतांनी समता कॉलोनीत एकाच दिवशी एकसारख्या काड्यांचे चष्मे केले होते. बायकांच्या रांगेतून तोफ डागली गेली, “काहून जी, माहा चष्मा काहून घातला? तुमचा तं घरी टीव्हीवर पडून हाये!”

दरबारी खसखस पिकली, परंतु ती वडीलधाऱ्यांची. तहात धरली जात नव्हती. आरतीची वेळ भरत आली होती, मग निरुपाय होऊन नानांनी अंक गंधालीच्या हाती दिला, आणि मनी म्हणाले, आटोपले.

गंधाली अडखळत वाचो लागली की, राजधानी आली म्हणोन आप्पांनी घराच्या खोल्या एकेक करोन साहेब लोकांस दिल्या, आणि दिवाणखान्यात एक दप्तर आले, आणि माजघरात दुसरे, आणि आप्पा सहकुटुंब जिन्यावर राहो लागले. मागली रांग ढिम्म. मग तिणे पान उलटले, आणि ती गप्पच जाहली. यशवंतरावांनी घड्याळ पाहिले. पोर जोडाक्षरी अडली, ऐसे जाणोन नानांचा जीव खालीवर जाहला. आणि मग गंधालीचे खांदे हलले, आणि ती दरबार विसरोन, मनातल्या मनात पुढे वाचीत, एकटीच डोळ्यांस पाणी येईतो हसत सुटली.

“अवं पोट्टी, आधी वाच तं खरं!” सरोजिनीबाई कडाडल्या.

मग तिणे वाचिले की, आप्पा पंचा गुंडाळून आपल्याच न्हाणीघरी गेले, तो दारी चपराशी उभा. साहेब मीटिंगमध्ये आहेत, म्हणाला. तेव्हा आप्पांनी अर्ज केला की, मीटिंग सुखे चालावी, बादली तेवढी बाहेर पाठवावी. मागली रांग कोसळली. परंतु लढाई त्याआधीच जिंकली होती, हे यशवंतरावांनीही मान्य केले, आणि स्मरणिकेचा बेत मागे घेतला.

येणेप्रमाणे शके १९२३, भाद्रपद शुद्ध अष्टमीस तात्यापारा फत्ते जाहला. हताहत कोणी नाही. अंकाची एकुलती प्रत गंधालीने लुटीत घरी नेली, ती नाना आठ दिवस मागत होते, आणि दर खेपेस एकच जबाब येई, “रुको ना नाना, अभी बाकी है.” त्या जबाबाने नाना बहुत संतोष पावले, ही नोंद दप्तरी कायम असावी.