दुधनीत पायलचं लग्न उशिरा लागलं

"लग्न सोलापुरात, पण अक्षता सगळीकडं एकाच क्षणाला! जबाबदारी माझी!" मी बैठकीत छातीवर हात मारून सांगितलं.

लग्न माझे मेव्हणे ईश्वरप्पा यांच्या लेकीचं, पायलचं. सात रस्ता चौकाजवळचं कार्यालय छोटं, पाहुणे जत्रेएवढे! म्हणून मी मांडवात कॅमेरा लावला. तिथनं इंटरनेटवर थेट प्रक्षेपण: वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवर, गेटवरच्या बँडवाल्या प्रभुच्या मोबाइलवर आणि दुधनीत सासूबाईंच्या, म्हणजे कमलम्मांच्या टीव्हीवर. पाय प्लास्टरमध्ये असल्यानं त्यांना नातीचं लग्न घरूनच बघावं लागणार होतं.

मुहूर्त साडेबाराचा. लग्न लावणाऱ्या स्वामींनी वेळेवर 'सावधान' म्हटलं, अक्षता पडल्या, हार घातले. पण बँड गप्प! मी गेटकडं धावलो.

"प्रभु, वाजव की!"

"साहेब, स्वामींचं अजून चालूच हाय की!" त्यानं मोबाइल दाखवला. खरंच! त्यात पायलचं लग्न अजून लागायचं होतं!

मी परत आलो, तर नवऱ्यामुलाचे वडील मल्लप्पा आभाराचे दोन शब्द बोलायला उभे. त्यांनी तोंड उघडलं आणि गेटवर बँड धडाडला! तोवर वरच्या मजल्याचा टीव्हीही 'सावधान'पर्यंत पोचला. कठड्यावरनं अक्षतांचा पाऊस थेट मल्लप्पांच्या उघड्या तोंडात!

त्याचं असं असतं, की चित्र सरळ उडी मारून येत नाही. आधी कुठल्या तरी लांबच्या संगणकाकडं जातं, तिथनं माघारी फिरतं. शिवाय मध्येच अडकू नये म्हणून प्रत्येक टीव्ही, मोबाइल ते आधी थोडं साठवतो आणि मग दाखवतो. कुणी घासभर साठवतो, कुणी ताटभर! आणि दुधनीचं नेट त्या दिवशी बैलगाडीनं निघालेलं. हे शहाणपण मला नंतर आलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. गडबडीत मी स्पीकर चालू केला, तोही माइकशेजारी उभा राहून!

"जावईबापू, थांबवा! मुहूर्त टळला की! आता माझी नात द्यायची न्हाय!"

नवरदेवानं गळ्यातला हार काढून हातात घेतला. पायलच्या डोळ्यांत पाणी.

"काय थांबवा? आमच्या पोरात काय खोट हाय?" मल्लप्पा तांदूळ थुंकत गरजले.

ईश्वरप्पांनी माझ्या हातातला फोन हिसकावून आईला समजावलं. "अव्वा, अक्षता मुहूर्तावरच पडल्या! तुला उशिरा दिसायलंय!"

"मग आत्ता दिसायलंय ते काय?"

"मगाचचं!"

मग दुधनीच्या टीव्हीतलं 'सावधान' आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, आणि पाठोपाठ सासूबाईंचा रडवेला आवाज, "पडल्या गं बाई! माझ्या पायलच्या अक्षता पडल्या!"

नवरदेवानं हार पुन्हा घातला. पायल हसली. आणि मल्लप्पा माझ्याकडं वळले! सगळ्या मांडवादेखत त्यांनी माझी जी बिनपाण्यानं केली, ती मी मान खाली घालून ऐकली. मग आठवलं, कॅमेरा चालूच हाय! झटकन बंद केला. निदान सासुरवाडीत तरी अब्रू वाचली, म्हणून जेवायला बसलो.

पहिला घास उचलला आणि फोन वाजला.

"जावईबापू," सासूबाई काळजीनं म्हणाल्या, "व्याही आत्ता तुमाला एवढं कशापायी वरडायलेत? सगळी गल्ली बघायलीय की!"