पहिल्या नगाची पूजा

"जपानवाल्यांना आता झोप लागायची नाही," अप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पोह्यांवर आणखी एक मूठ शेव घातली.

पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या 'सुस्थिर इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये आजवर फक्त व्होल्टेज स्टॅबिलायझर तयार होत. आता तिथे चक्क डीएसएलआर कॅमेरा तयार झाला होता. केला होता त्यांच्या पुतणीने, पूर्वाने. फोटो असा की डासाचे पाय मोजून घ्यावेत. पण मोठमोठ्या कंपन्या आधीच या बाजारात मांडी ठोकून बसलेल्या. त्यांच्यात शिरणं म्हणजे रविवारी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गाडी लावायला जागा शोधण्यासारखं. म्हणून अप्पासाहेबांनी अट घातली होती: महूचा मनीष फोटोग्राफर हो म्हणाला तर कॅमेरा, नाहीतर सोमवारपासून पूर्वाच्या कारखान्यातल्या खोलीत पुन्हा स्टॅबिलायझर. महूपासून मानपुरापर्यंत मनीषची माणसं आल्याशिवाय कुणाच्या गळ्यात वरमाला पडत नसे.

मनीषची गाडी आली तशी पूर्वा त्याला घ्यायला फाटकापर्यंत गेली. तेवढ्यात अप्पासाहेबांनी आपलं काम उरकलं. पूजा झाल्याशिवाय पहिला नग बाहेर काढायचा नाही, हा कारखान्याचा नियम. स्टॅबिलायझरला ते व्होल्ट दाखवणाऱ्या काट्याच्या वर, कपाळ समजून, तुपात कालवलेलं कुंकू लावत. पण कॅमेऱ्याचं कपाळ कोणतं? त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. समोर एकच भला मोठा डोळा. मग डोळ्यालाच लावलं. लेन्सला ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यापुढे एक पातळ काच फिरवून बसवतात, तिच्यावर. टिळा फार ठळक दिसला, म्हणून रुमालाने जरा पसरवला.

मनीषने आल्याआल्या कॅमेरा उचलला. "मावशी, इकडे बघा जरा." पॅकिंगवाल्या कमलमावशींनी पदर सारखा केला. खट्. फोटो भिंतीवरच्या टीव्हीवर उमटला. डासाचे पाय राहूच द्या, मावशींच्या नाकाचीही कड दिसेना. सगळीकडे गुलाबी धुकं.

"काका, तुम्ही कॅमेऱ्याला हात लावलात?"

"हात नाही. बोट."

पूर्वाने कपाळावर हात मारला, ओढणीने काच लखलखीत पुसली आणि म्हणाली, "मनीषजी, आता घ्या."

दुसरा फोटो आला. अगदी धारदार. हनुवटीवरचा केस न् केस हजर, आणि सुरकुत्या म्हणजे नकाशावर नर्मदेला मिळणाऱ्या नद्या.

"ही कोण बाई?" कमलमावशींनी विचारलं. "मला तो पहिलावाला द्या. घरी यांना दाखवते."

"मॅडम, ये क्या किया आपने?" मनीष कळवळला. "पहिलं होतं तसं करा ना. लग्नात नवरीच्या आत्या शार्पनेस मागत नाहीत."

"अहो, ते कुंकू आणि तूप होतं."

"असू दे. कंपनी का फॉर्म्युला है, मी कुणाला सांगणार नाही."

अप्पासाहेब जणू इतका वेळ वाट बघत असल्यासारखे बोट घेऊन पुढे झाले. तिसऱ्या फोटोत कमलमावशी थेट आपल्या लग्नाच्या मांडवात जाऊन बसल्या.

"घेतलं," मनीष म्हणाला. "या सीझनला माझी सगळी पोरं हेच वापरतील."

पूर्वाचे डोळे भरून आले. तुपाचं काय ते नंतर बघू. कॅमेरा तर लागला बाजाराला. अप्पासाहेबांनी जपानच्या दिशेने पाहिलं. निदान ती दिशा जपानची आहे असं त्यांना वाटलं.

मनीषने मात्र ती पुढची काच फिरवून काढली, बॅगेतून स्वतःचा जुना जपानी कॅमेरा काढला आणि त्यावर बसवून पाहिली.

"बरोबर बसली भिया," तो खुशीत अप्पासाहेबांना म्हणाला. "कॅमेरे तर आहेतच आमच्याकडे. ही काच तेवढी पाठवत जा. टीका लावून."

अप्पासाहेब शब्दाचे पक्के. मनीष हो म्हणाला होता, तेव्हा खोली पूर्वाकडेच राहिली. तिथे काचांची चळत लागली आणि अप्पासाहेब दिवसभर टिळे लावू लागले. पंधरवड्यात त्यांचं बोट सुजून गाजरासारखं झालं. शेवटी पूर्वाने मन घट्ट केलं आणि काचांना सारखाच टिळा लावणारं यंत्र तयार केलं.

सकाळी बटण दाबलं. यंत्र हू की चू करेना. पूर्वाने झाकण उघडलं. आत चाकाचाकाला कुंकू.

"काका!"

"पहिला नग होता ना," अप्पासाहेब म्हणाले. "या वेळी आतून लावलं. बाहेरून लावलं की तू पुसून टाकतेस."